टेन्शन किती द्यायचं?

'टेन्शन नको घेऊस गं!' हे वाक्य मी आठवड्यातून किमान दहा वेळा ऐकते. आई म्हणते, मैत्रिणी म्हणतात, बॉसही म्हणतो (आणि पुढच्याच मिनिटाला तोच देतो!). त्यामुळे एका रविवारी सकाळी कुणीतरी माझ्याकडे बघून गंभीरपणे म्हणालं, 'मॅडम, टेन्शन कमी पडतंय,' तेव्हा मी चाटच पडले. दोन आठवड्यांनी तोच माणूस म्हणाला, 'आता जास्त झालं.'

विषय माझा नव्हता. विषय होता बँडसॉच्या पात्याचा.

सोमवार ते शुक्रवार मी एका आयटी कंपनीत प्रोजेक्टच्या तारखा सांभाळते. म्हणजे त्या पुढे ढकलते. रविवारी मात्र मी धायरीच्या एका शेडमध्ये असते. तिथे महिन्याचे पैसे भरले की तुमच्यामाझ्यासारख्या हौशी लोकांना सुतारकामाची मशिन्स वापरायला मिळतात. कुणी बेबीसाठी पाळणा करतं, कुणी बुकशेल्फ. मी गेले होते एक फळी कापायला. फक्त एक!

ती फळी आमच्या आजीच्या झोपाळ्याची.

वाईजवळच्या गावात आजीचं घर होतं. माजघरात सागवानी झोपाळा, चार फळ्या जोडून केलेला, पितळी कड्यांचा. आजी २०२१ मध्ये गेली. २०२४ मध्ये घर विकलं. दादाला विकायचं होतं, मला नव्हतं. त्याचं म्हणणं, छप्पर दर पावसाळ्यात गळतंय, डागडुजी कोण करणार? माझं म्हणणं... खरं सांगू का, माझं काही म्हणणं नव्हतंच. फक्त 'नाही' होतं. मग फोनवर मी त्याला जे बोलले ते इथे छापण्यासारखं नाही. त्यानंतर आठ महिने आमच्यात संवाद काय, तर फॅमिली ग्रुपवर 'हॅपी बर्थडे' आणि अंगठे.

झोपाळ्याच्या दोन फळ्या वाळवीने खाल्ल्या. तिसरी सामान हलवताना पडली आणि तिला तडा गेला. उरली एक. ती दोघांनाही हवी होती. आईने ती जुन्या साडीत गुंडाळून गॅलरीत उभी केली आणि आम्हाला वेगवेगळे फोन करून एकच वाक्य सांगितलं, 'एकच राहिलीय. बसा भांडत.'

फळी चार फूट लांब, साडेपाच इंच रुंद, पावणेदोन इंच जाड. दोघांत वाटायची कशी? आडवी कापली तर दोन फुटांचे दोन तुकडे. लांबीत उभी चिरली तर दोन अरुंद पट्ट्या, ज्यांचं पुढे काहीच होत नाही. तिसरा मार्ग मला एका व्हिडिओत दिसला. फळी कडेवर उभी करायची आणि जाडीतून चिरायची. घडीच्या पोळीचे दोन पदर सुटतात ना, तशी. म्हणजे दोघांनाही पूर्ण लांबी, पूर्ण रुंदी. जाडी तेवढी अर्धी. शिवाय आतले दोन्ही चेहरे एकमेकांचे आरसे! पुस्तक उघडावं तशा फळ्या उघडल्या की डावीकडची रेषा उजवीकडे जशीच्या तशी. याला 'बुकमॅच' म्हणतात.

आता साडेपाच इंच खोल काप घ्यायचा, तर साध्या गोल करवतीचं काम नाही. दहा इंची टेबल सॉचं पातं एका वेळी जेमतेम तीन इंच खोल जातं आणि प्रत्येक कापात तीनेक मिलिमीटर लाकडाचा भुसा करतं. बँडसॉचं पातं बारीक, एक-सव्वा मिलिमीटरमध्ये काम भागवतं. तुमच्या आजीचं पायाने चालवायचं शिलाई मशीन आठवतं? मोठ्या चाकावरून छोट्या चाकावर जाणारा तो चामड्याचा पट्टा? बँडसॉ म्हणजे तसंच. एकावर एक दोन सारखी चाकं आणि त्यांच्यावरून फिरणारा पोलादी पट्टा. फक्त या पट्ट्याला दात असतात. वरचं चाक स्क्रूने वर उचललं की पट्टा ताणला जातो. हेच ते टेन्शन.

आजीच्या फळीला हात लावायच्या आधी भंगारातल्या पाइनच्या तुकड्यांवर प्रॅक्टिस करायची, एवढी अक्कल मला होती. टेबलावर 'फेन्स' लावला. फेन्स म्हणजे लाकूड टेकवून पुढे सरकवायची ती सरळ उभी पट्टी. मशीन सुरू केलं, लाकूड ढकललं. पातं सहा इंच सरळ गेलं आणि मग पेन्सिलची रेघ सोडून निघालं की उजवीकडे! तेव्हा शेजारून जाणारे काका ते वाक्य बोलले. टेन्शन कमी पडतंय.

हे काका म्हणजे त्या शेडमधला चालता-बोलता मॅन्युअल. उभं आयुष्य एका फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये गेलं. लोखंड ओतायचा साचा ज्यावरून बनतो, तो लाकडी नमुना हे करायचे. तिथे मिलिमीटरची चूक म्हणजे मोठी चूक. बोलणं मोजकं, चहा भरपूर.

मी चाक दोन आटे पिळलं. काप सुधारला. वा! मला मंत्र मिळाला. पुढच्या रविवारी पातं पुन्हा भरकटलं, मी आणखी पिळलं. यावेळी वरची रेघ बरोबर, खालचीही बरोबर, पण तुकडे वेगळे केले तर मधोमध पोट सुटलेलं. आणखी पिळलं. तिसऱ्या रविवारी...

फाट्!

फटाका लागावा तसा आवाज. पातं तुटलं होतं. मशीनचे दरवाजे आणि गार्ड बंद होते म्हणून जे झालं ते आतल्या आत. काकांनी आधी बटण बंद केलं, मग माझी बोटं बघितली. दहाच्या दहा. मग म्हणाले, 'आता जास्त झालं. चहा घेऊन या.'

चहा पिताना काकांनी कागदाची एक पट्टी फाडली. ती दोन हातांत सैल धरली आणि म्हणाले, 'कडेने ढकला.' मी बोट लावलं, पट्टी वळली. मग ताणून धरली. आता ढकललं तर सरळ राहिली. मग त्यांनी आणखी ओढली. टर्रकन फाटली.

'टेन्शन पात्याला उभं राहायला मदत करतं,' काका म्हणाले. 'सरळ कापायचं काम दातांचं. तुम्ही दातांकडे बघितलं का?'

नव्हतं बघितलं.

मग माझा इंटरव्ह्यू सुरू झाला. पातं किती रुंद होतं? पाव इंच. इंचाला दात किती? माहीत नाही. शेवटचं कधी बदललं? माहीत नाही. वरचा गाइड लाकडापासून किती वर होता? गाइड म्हणजे? मी लाजून चहात बिस्किट बुडवत बसले. माझ्याकडे सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर होतं, पिळा! आणि तुम्ही हसू नका. ऑफिसात डेडलाइन चुकली की आपण काय करतो? चुकली का हे न बघता रोज एक मीटिंग वाढवतो. तेच.

पाव इंची पातं नागमोडी कापण्यासाठी असतं. त्याचे दात बारीक आणि जवळजवळ. साडेपाच इंच जाडीतून जाताना दोन दातांमधली खाच भुशाने गच्च भरते, भुसा बाहेर पडायला जागा नाही, पातं तापतं आणि वाट फुटेल तिकडे वळतं. मधलं पोट सुटतं ते यामुळेच. शिवाय त्या पात्याची एक बाजू बोथट होती. आधी कुणीतरी खिळ्यावर घातलं असणार. बँडसॉचे दात आळीपाळीने डावीकडे-उजवीकडे किंचित वाकवलेले असतात. एका बाजूचे बोथट झाले की धारदार बाजू पात्याला आपल्याकडे ओढत नेते. अशा पात्याला कितीही ताणा, ते ताठ मानेने वाकडंच जाणार!

आणि ताणायचं तरी किती? साध्या कार्बन स्टीलच्या पात्याला चौरस इंचाला १५ ते २० हजार पौंड हा ढोबळ हिशेब. ऐकायला भयंकर वाटतं, पण पात्याचा छेद इवलासा असतो. अर्धा इंच रुंद आणि इंचाच्या चाळिसाव्या भागाइतकं जाड पातं १५ हजारांवर ताणलं, तर दोन्ही बाजू मिळून वरच्या चाकावर सुमारे १७० किलोचा भार येतो. म्हणजे दोन चांगली खातीपिती माणसं लटकवल्यासारखं. त्यापुढे पिळत गेलं की पात्याचा वेल्ड, चाकाची बेअरिंग, स्प्रिंग असे सगळेच कुरकुरायला लागतात. त्यात चौदा इंची मशीनचं पातं जेमतेम आठ फुटांचं आणि वेग मिनिटाला ३ हजार फुटांच्या आसपास. म्हणजे मिनिटाला पावणेचारशेहून जास्त फेऱ्या आणि प्रत्येक फेरीत दोनदा वाकणं, दोनदा सरळ होणं. बिचारं तुटेल नाहीतर काय?

गंमत म्हणजे हे दुखणं या मशीनच्या जन्मापासूनचं. इंग्लंडमध्ये विल्यम न्यूबेरी यांनी बँडसॉची कल्पना मांडली ती एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. पण पात्याची टोकं जोडलेली जागा वाकून वाकून तुटायची, म्हणून ती कल्पना कित्येक वर्षं पडून राहिली. तो सांधा टिकाऊ करायची पद्धत फ्रान्समध्ये १८४६ मध्ये पेटंट झाली आणि ते पेटंट होतं एका बाईच्या नावावर, अ‍ॅन पॉलिन क्रेपँ. मी हे काकांना सांगितलं तर ते म्हणाले, 'मग तुम्हाला तोडायचा काय अधिकार?'

पुढचे दोन रविवार मी काहीही कापलं नाही. नुसतं मशीन लावायला शिकले. आधी प्लग काढायचा, मग हात घालायचा. अर्धा इंची नवं पातं, इंचाला तीन दात. चाकावरचा रबरी टायर मध्यभागी थोडा फुगीर असतो. पात्याच्या खाचेचा तळ बरोबर त्या फुगवट्याच्या मधोमध येईल असं वरचं चाक कलतं करायचं. कॅनडाचे नामवंत फर्निचर मेकर मायकेल फॉर्च्युन हेच सांगतात, की पातं चाकावर नीट बसलं तर फेन्स तिरका करायची वेळच येत नाही. काकांनी त्यांचं काही वाचलेलं नाही, पण करतात तेच.

मग टेन्शन. मशीनवरचा काटा फक्त अंदाज देतो, कारण स्प्रिंग वयाबरोबर सैल होते (आपलंही तेच!). काकांची परीक्षा बोटाची. वरचा गाइड सहा इंच उचलायचा आणि पात्याला बोटाने बाजूला दाबायचं. पाव इंच हललं, तर बरोबर. मग गाइड पात्याच्या दोन्ही बाजूंना कागदाच्या जाडीएवढं अंतर सोडून लावायचे. मागचं बेअरिंग कापताना टेकलं पाहिजे, एरवी नाही. आणि काप घेताना गाइड लाकडाच्या वर पाव इंचावर आणायचा. पातं जितकं कमी उघडं, तितकं कमी भरकटतं.

त्या रविवारी पाइनचा ठोकळा असा चिरला गेला की दोन्ही तुकड्यांची जाडी टोकापासून टोकापर्यंत सारखी! टेन्शन? आधीपेक्षा बरंच कमी होतं.

आता आजीची फळी. लोहचुंबक फिरवला तर एका टोकाला चिकटला. आत खिळ्याचा तुकडा! पटाशीने उकरून पकडीने काढला. सागात मुळातच वाळूसारखी सिलिका असते, ती दात लवकर बोथट करते. त्यात खिळा नको. नेहमी फळीची एक बाजू रंध्याने सपाट करून ती फेन्सला टेकवतात. पण वरची बाजू आजीच्या बसण्याने मधोमध किंचित खोलगट झालेली. तिला रंधा लावायचा? माझा जीव होईना. काकांनी खालची बाजू बघितली. ती सपाट होती. 'ही टेकवू. रंधा फक्त कडेला मारा, गुण्यात आली की झालं.'

खालच्या बाजूवर खिळ्याने ओरखडलेली अक्षरं होती. 'दादा हरला'. अक्षर माझं, इयत्ता दुसरीतलं. झोपाळ्याखाली लपून केलेला उद्योग. कशात हरला होता, देव जाणे.

'उद्या कापू?' मी विचारलं.

'एकटीने नाही व्हायचं. चार फूट आहे. पलीकडून वजन धरायला कुणीतरी पाहिजे. माझ्या खांद्याचं ऑपरेशन झालंय. घरात कुणी आहे का?'

घरात कुणी आहे का!

रात्री नऊ वाजता दादाला फोन लावला. काय बोलायचं, याची मनात चार वेळा रिहर्सल केली होती. प्रत्यक्षात म्हणाले, 'दादा, झोपाळ्याची फळी चिरायचीय. म्हणजे दोघांना. पलीकडून धरायला माणूस लागतो.'

पलीकडे शांतता. मागे टीव्हीचा आवाज. मग, 'किती वाजता?'

दादा आला तो इस्त्रीचा शर्ट घालून. कुणी कुणाला काही बोललं नाही. काकांनी त्याला मशीनच्या मागे उभं केलं. 'साहेब, ओढायचं नाही. ढकलायचं पण नाही. फक्त वजन धरा आणि तिच्या स्पीडने मागे सरका.' मला म्हणाले, 'आणि तू, घाई करायची नाहीस. आवाज ऐक. आवाज जड झाला की हात हलका.' मॅडमची 'तू' कधी झाले, कळलंच नाही.

मशीन सुरू झालं. पातं सागात शिरलं आणि तो तेलकट, चामड्यासारखा वास आला. माजघराचा वास. मी वर बघितलं नाही. बघायची सोयच नव्हती. एक फूट. दोन फूट. मागे काप उघडत होता आणि दोन्ही फळ्या दादाच्या हातात उतरत होत्या. तीन फूट. आवाज जड झाला, मी हात हलका केला. शेवटच्या सहा इंचांना बोटांऐवजी ढकलायची काठी घेतली आणि तिथे मला राहवलं नाही, जरा जोर लावलाच. पाचेक मिनिटं झाली असतील. मशीन थांबलं.

दादाने फळ्या पुस्तकासारख्या उघडल्या. आत ताजा, सोनेरी साग. मधोमध एक गाठ होती, ती दोन्हीकडे सारखी, दोन डोळ्यांसारखी. रेषा इकडून तिकडे वाहत गेलेल्या. हा चेहरा आजीनेही कधी बघितलेला नव्हता.

काकांनी कॅलिपर लावला. 'शेवटाला दीड मिलिमीटरचा फरक आहे. घाई केलीस. पॅटर्न शॉपमध्ये मी हे परत पाठवलं असतं.' मग जरा थांबून, 'घरासाठी चालतंय.'

आता वाटणी. एका फळीला आजीच्या बसण्याची गुळगुळीत बाजू, दुसरीला माझी कलाकुसर. मी मनात ठरवलं होतं, दादा जी मागेल ती द्यायची. त्याने दोन्ही उलटून पाहिल्या, 'दादा हरला' वाचलं आणि तीच काखेत मारली.

'ही माझ्याकडे राहू दे. नाहीतर येईल-जाईल त्याला दाखवत बसशील.'

आठ महिन्यांत पहिल्यांदा आम्ही एकाच विनोदावर हसलो.

घराचा विषय संपला असं समजू नका. छप्पर गळत होतं, हे त्याचं खरं आहे. मला विचारल्यासारखं केलं, विचारलं नाही, हे माझंही खरं आहे. ते बोलायचं बाकी आहे. पण बोलताना पिळायचं नाही, आधी दात कुठे बोथट झालेत ते बघायचं, एवढं मी ठरवलंय. माझी फळी हॉलमध्ये शेल्फ म्हणून लागली आहे. त्याची त्याच्या टीव्हीखाली. अक्षरं भिंतीकडे तोंड करून, असं वहिनीने कळवलंय.

निघताना मी हात झटकून पर्स उचलली, तर काकांनी हाक मारली. 'अगं, काम अर्धंच झालं. टेन्शन कोण सोडणार?'

काम संपलं की पात्याचा ताण सोडून ठेवायचा. नाहीतर रात्रभर ताणून राहिलं की स्प्रिंग थकते, रबरी टायरला खड्डे पडतात. सगळ्यात सोपी पायरी आणि सगळे नेमकी हीच विसरतात. मी वळेपर्यंत दादाने चाकाला हात घातला होता.

'कुठल्या बाजूला फिरवू?' त्याने विचारलं.

'उलटं,' मी म्हणाले. 'हळूहळू.'